लुळ्या अंगठ्याची हूल

कोल्हापुरात दोन माणसांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं, तर त्यातला एक जण नक्की परगावचा असतो. फुटबॉलवरनं पेठा भांडल्या, रश्श्याच्या तिखटावरनं भांडल्या, आणि घरोघरी गेमचे नवे कन्सोल आले तेव्हा त्यावरनंही भांडल्या. वाघनख तालमीनं 'निमिष' घेतला, म्हणून बुरूज तालमीनं 'ऑर्बिट' घेतला. एवढंच कारण. कुणाचं चित्र चांगलं, कुणावर कुठले गेम चालतात, हे बघायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. "त्यांच्यात निमिष हाय न्हवं? मग आपल्या पेठेत त्या यंत्राला कुणी हात लावायचा न्हाई," असं बुरूजचे अध्यक्ष अप्पा चौगुले यांनी गणपतीच्या मांडवात माईकवरनं सांगितलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. झालं, ठरलं.

या ठरण्यात संयोगिता माने पार अडकली. संयू म्हणतात तिला. अठ्ठावीस वर्षांची बाई, राजारामपुरीत स्वतःचं फिजिओथेरपीचं क्लिनिक, पेशंटशी बोलणं गोड. पण नवा गेम बाजारात यायचा असला की हिच्या अंगातच यायचं. त्या दिवशी क्लिनिकवर 'डॉक्टर लग्नाला गेल्या आहेत' अशी पाटी लागायची, आणि डॉक्टर घरात चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन भिंतीएवढ्या पडद्यासमोर बसलेल्या असायच्या. बुरूजची पहिल्या नंबरची खेळाडू ती. पण खरं सांगायचं तर तिचा निम्मा जीव शत्रूच्या यंत्रात अडकला होता. 'खोल दर्या' नावाचा गेम फक्त निमिषवरच निघाला होता. समुद्राच्या तळाशी बुडालेलं शहर, आणि आपण त्याच्या गल्ल्यांतनं पोहत फिरायचं. त्याची जाहिरात ती फोनचा आवाज बंद करून बघायची, घरात कुणाला कळू नये म्हणून.

घरात म्हणजे आईला आणि दाद्याला. दाद्या म्हणजे धैर्यशील, तिच्याहून पाच वर्षांनी मोठा भाऊ. त्याचं मोबाईलचं दुकान पडलं वाघनखच्या हद्दीत. निमिष पहिल्यांदा त्याच्याच दुकानात आला, त्यानंच तो सगळ्या पेठेला विकला, आणि वाघनखवाल्यांनी त्याला टीमचा कॅप्टन करून टाकलं. राहायला बुरूजमध्ये, खेळायला वाघनखकडनं! अप्पा चौगुल्यांनी आठ दिवस त्याच्या घराकडं बघितलं नाही.

आता हा निमिष काय प्रकार होता ते सांगायला पाहिजे. आपण बोट हलवायचं ठरवलं की मेंदूकडनं हुकूम सुटतो, पाठीच्या कण्यातनं उतरतो आणि हाताच्या स्नायूंत पोचतो. तिथं बारीकशी वीज चमकते, स्नायू आवळायला लागतो, आणि मग बोट हलतं. वीज चमकणं आणि बटण दाबलं जाणं यांच्यात किंचित काळ जातो. माणसाला तो कळतसुद्धा नाही, पण यंत्राच्या हिशेबात तो ऐसपैस असतो. निमिषला बटणंच नव्हती. मनगटाच्या वर एक पट्टा बांधायचा. तो कातडीवरनंच ती वीज टिपायचा. वर महिनाभरात तुमच्या सवयी शिकायचा, आणि विजेच्या पहिल्या लकेरीवरनं तुम्हाला काय करायचंय ते ओळखून स्वतःच पुरं करून टाकायचा. समोरच्याचं बोट बटणावर पोचायच्या आत तुमचा वार झालेला असायचा. पुढं पुढं लोक पट्टा दिवसभर बांधायला लागले. बोटं हलवल्यासारखी करायची की मेसेज जायचा, दुकानाचं शटर उघडायचं, चहाचे पैसे भागायचे. धैर्यशील तर अंघोळीलाही पट्टा काढायचा नाही.

ऑर्बिट मात्र जुन्या वळणाचा. दोन हातांत धरायचा कंट्रोलर आणि बटणं. त्यातही संयूचा कंट्रोलर वेगळा होता. दुसरीत असताना शाळेच्या व्हॅनच्या दारात तिचा उजवा अंगठा चिरडला होता. हाड जुळलं, पण सांधा आखडला तो आखडलाच. पोरगी रडून रडून बेजार, आता गेम खेळता येणार नाही म्हणून. तेव्हा याच दाद्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कंट्रोलर उघडला, आतल्या स्प्रिंगा बदलून मऊ घातल्या आणि तिच्या हातात दिला. "हळू दाब, पण दाबायचं तूच," म्हणाला. तेव्हापासनं पुढची पंधरा-वीस वर्षं ती दोघं एका सतरंजीवर, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून खेळली. तिचा गडी कड्यावरनं घसरायला लागला की दाद्याचा गडी धावत येऊन हात द्यायचा. कंट्रोलर किती बदलले, पण स्प्रिंगा प्रत्येक वेळी दाद्यानंच बदलून दिल्या.

आणि आता पाच महिने झाले, दोघांत अक्षर नव्हतं.

झालं होतं असं. वाघनखनं एका मैत्रीच्या सामन्यात बुरूजला धुतलं. संयू तरातरा त्याच्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "तू न्हाई जिंकलास, पट्टा जिंकलाय." धैर्यशीलनं नुसती बोटं आवळली. ती वळली, दुकानाची पायरी उतरली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. दाद्याचाच मेसेज. 'लुळ्या अंगठ्यानं अजून किती दिवस खेळणार तू?'

बाकी कुणी म्हटलं असतं तर तिनं कानाखाली वाजवली असती. पण दाद्या म्हणाला होता. ती तशीच घरी आली, कंट्रोलर कपाटात कोंबला आणि उशीत तोंड खुपसून हमसून हमसून रडली. त्यानं माफी मागितली नाही. नुसता दिसेल तिथं खाली मान घालून जायचा.

एका घरात राहून अबोला धरायचा म्हणजे मधल्या माणसाचे हाल.

"आई, त्याला सांग, कोशिंबीर इकडं सरकव."

"आई, तिला सांग, हात पुरतोय तिचा."

"मी काय पोस्टात कामाला हाय होय?" आई ताट आपटून म्हणाली. "एवढी घोड्याएवढी झालाय, आणि एका खेळण्यापायी तोंडं फिरवून बसलाय. संयू, त्या पेठांच्या कपात तू खेळणार हायस म्हणं. त्याच्याच विरोधात?"

"खेळणार," संयू म्हणाली. कोल्हापूरच्या पोरी 'मी जाते' म्हणत नाहीत, 'मी जातो' म्हणतात, आणि संयू तर पक्की कोल्हापूरची. "जिंकायला जातोय मी. आणि आई, कप गेला खड्ड्यात. मला माझा जोडीदार परत पाहिजे. मी जिंकलो, तर त्यानं पट्टा काढून माझ्या शेजारी सतरंजीवर बसायचं आणि एक डाव खेळायचा. सांग त्याला."

धैर्यशील समोरच बसला होता. त्यानं घास हातात धरला. "आणि हारली तर?"

"हारलो तर ह्या अंगठ्यानं परत खेळणार न्हाई. सांग त्याला."

आईनं दोघांकडं बघितलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. धैर्यशीलनं घास परत ताटात ठेवला आणि उठून गेला.

बोलून तर बसली, पण जिंकायचं कसं? पेठांच्या कपाचा गेम होता 'कडेलोट', दोन्ही यंत्रांवर चालणारा. एका उंच सुळक्यावर दोन गडी, हातात दांडपट्टे, चहूबाजूंनी दरी. जो खाली पडला तो हरला. बटण अर्धं दाबलं की गडी दांडपट्टा उचलतो, पुरं दाबलं की वार करतो. बुरूजची पोरं वेग वाढवायच्या मागं लागली होती, बोटांना तेल लावून बटणं बडवत होती. विजेच्या पुढं बोट धावणार किती? सगळी मार खाऊन येत होती.

एका दुपारी पेशंट नव्हते. संयूला काय वाटलं कुणास ठाऊक, क्लिनिकमधलं स्नायूंतली वीज मोजायचं यंत्र तिनं ओढून घेतलं. लकवा झालेल्या हातात जीव कितपत आहे हे बघायला ते वापरतात. त्याच्या चिकटपट्ट्या स्वतःच्याच हाताला लावल्या, दुसऱ्या हातानं जेवणाचा डबा बाजूला सारला आणि 'कडेलोट' लावला. इकडं गेम, तिकडं यंत्राच्या पडद्यावर हिरवी रेघ. बटण दाबलं की रेघ उसळायची. त्यात नवीन काही नव्हतं.

मग गेममधल्या गड्यानं दांडपट्टा उचलला आणि वार न करताच खाली घेतला. हूल दिली. संयूनं ती ओळखली, बोट हलवलं नाही, जागची सरकली नाही. पण रेघ उसळली होती!

तिनं खेळ थांबवला. पुन्हा लावला. पुन्हा हूल, पुन्हा तेच. बोट गप्प, पण आत वीज चमकून गेलेली. म्हणजे मेंदूनं हुकूम सोडला होता, 'सरक बाजूला', आणि शेवटच्या घडीला स्वतःच तो मागं घेतला होता. बटण होतं म्हणून मागं घ्यायला जागा होती.

"आयला," ती एकटीच मोठ्यानं म्हणाली. "पट्टा असता तर मी सरकलोच असतो की!"

निमिषनं ती मधली जागाच काढून टाकली होती. त्याच्यापुढं हूल ही हूल राहतच नाही, गडी फसणारच. हे आजवर कुणाला कळलं नव्हतं, कारण निमिषवाल्यांशी खेळताना हूल देण्याएवढा दम कुणी धरलाच नव्हता. जो तो वेगाच्या मागं. आणि सबंध कोल्हापुरात अर्धं बटण दाबून दांडपट्टा उचलायचा आणि आरामात सोडायचा, हे जन्मभर कुणी केलं असेल तर ते आखडलेल्या अंगठ्याच्या संयूनं. तिचा अंगठा पुरा दबायला वेळ लागायचा, म्हणून ती लहानपणापासनं हुलीवरच जगली होती.

ती खुर्चीतनं उठून क्लिनिकभर नाचली. चिकटपट्ट्यांच्या वायरी मागनं फरफटत होत्या. आणि नाचता नाचता एकदम थांबली.

मग तो मेसेज?

पट्टा बांधलेला माणूस. समोर बहीण चारचौघांत टाकून बोललेली. रागाच्या भरात मनात काहीतरी वाईट येतं, बोटं आवळतात. तुम्ही-आम्ही ते गिळतो. हात मागं घेतो, शब्द मागं घेतो, दिवसातनं दहा वेळा. दाद्यानंही घेतला असता. पट्ट्यानं घेऊ दिला नव्हता. संयू तपासायच्या पलंगावर बसली आणि तिला रडू फुटलं, पण या वेळचं रडू वेगळं होतं, पाच महिन्यांचं ओझं उतरल्याचं. घरी जाऊन त्याच्या गळ्यात पडावं असं वाटलं. पण मग वाटलं, नको. आधी मैदानात. नाहीतर म्हणेल, हरायच्या भीतीनं आली.

कपाच्या रविवारी दोन्ही पेठा मैदानात उतरल्या. एकीकडं भगवे फेटे, एकीकडं हिरवे, मधे ट्रकवर लावलेला अवाढव्य पडदा. हलगी अशी कडाडत होती की भेळवाल्याच्या गाडीवरचे चुरमुरे हलत होते. अप्पा चौगुले संयूच्या कानाशी येऊन म्हणाले, "पोरी, पेठेची अब्रू तुझ्या हातात हाय."

"अप्पा, अब्रू जरा बाजूला ठेवा. माझ्या हातात कंट्रोलर हाय, तेवढाच बास हाय."

मंचावर दोन खुर्च्या होत्या. धैर्यशील येऊन बसला. त्याच्या मनगटावर निमिषचा निळा दिवा जळत होता. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. तीन डाव, दोन जिंकेल त्याचा कप.

पहिला डाव. वाघनखची पोरं 'एका फटक्यात, एका फटक्यात' ओरडत होती. संयूनं अंगठा अर्धा दाबला. तिच्या गड्यानं दांडपट्टा उचलला. धैर्यशीलचा गडी विजेसारखा डावीकडं सरकला, आणि डावीकडं दरी होती. गेला खाली! तिनं वार केलाच नव्हता. भगव्या बाजूनं असा गलका उठला की हलगी ऐकू येईना. धैर्यशील पडद्याकडं बघतच राहिला.

पण तोही काही कच्चा नव्हता. दुसऱ्या डावात त्यानं तिला दांडपट्टा उचलूच दिला नाही. घंटा वाजायला आणि त्याचा वार यायला एकच गाठ. संयूचा अंगठा बटणाला टेकला होता तेवढ्यात तिचा गडी हवेत होता. हिरवे फेटे नाचायला लागले. पट्ट्याचा वेग काय चीज असते ते तिनं तेव्हा जवळनं बघितलं, आणि डाव हरूनही तिच्यातल्या खेळाडूला वाटलं, काय यंत्र बनवलंय लेकांनी!

तिसरा डाव. शेवटचा.

घंटा वाजली आणि त्याचा वार आला. या वेळी ती आधीच मागं सरली होती, म्हणून वाचली. दुसरा वार, ती आणखी मागं. तिसरा. तिचा गडी सुळक्याच्या टोकाशी आला. आता पुढं यायचं म्हणून तिनं बटण दाबलं आणि अंगठा अडकला. आखडलेला सांधा ऐन वेळी जाम झाला, मागं येईना की पुढं जाईना. तिच्या गड्याचा पाय घसरला. एक हात दगडाला, बाकीचं अंग दरीवर लोंबकळत. बुरूजच्या बायकांनी डोळ्यांवर हात घेतले.

धैर्यशीलच्या गड्याला काही करायची गरज नव्हती. नुसतं उभं राहिलं तरी कप त्याचा होता.

त्याचा गडी पुढं झाला, गुडघ्यावर बसला आणि त्यानं हात दिला.

पडद्यावर तो हात तसाच पुढं होता. संयूनं पडद्याकडं बघितलं, मग पहिल्यांदाच शेजारी बघितलं. धैर्यशीलच्या तोंडावरचा रंग उडाला होता. त्यानं काही ठरवलं नव्हतं, ते त्याच्या तोंडावरनंच कळत होतं. विचार करायच्या आधीचं जे होतं तेच पट्ट्यानं टिपलं होतं. दुकानात राग टिपला होता, आज हे टिपलं. सतरंजीवरच्या इतक्या वर्षांची सवय, बहीण घसरली की हात पुढं.

संयूनं डाव्या हातानं आपला अंगठा ओढून मोकळा केला आणि तिच्या गड्यानं तो हात धरला. गडी वर आला.

"ए, पट्टा बिघडलाय!" वाघनखमधनं कुणीतरी किंचाळलं. "डाव रद्द करा!"

"पट्टा चांगला हाय," धैर्यशील माईकवर म्हणाला. "हात मी दिलाय. डाव चालू द्या."

मग हळू आवाजात, पाच महिन्यांत पहिल्यांदा, आईला मधे न घालता तो तिला म्हणाला, "आता सोडणार न्हाई हं तुला."

"सोडू नकोसच," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, पण अंगठा जागेवर होता.

दोन्ही गडी समोरासमोर उभे राहिले. त्याचा वार सुटायच्या आत तिनं अंगठा अर्धा दाबला. दांडपट्टा वर. त्याचा गडी सरकला. अंगठा सोडला, पुन्हा अर्धा दाबला. पुन्हा सरकला. धैर्यशील दात आवळून स्वतःला आवरत होता, पण तो आवरायच्या आत पट्टा मोकळा होत होता. मैदानाला आता उमगलं होतं, बुरूजवाले प्रत्येक हुलीला एकसाथ 'हुल्ल!' करून ओरडत होते. आणि एका हुलीला त्याच्या गड्याला सरकायला दगडच उरला नाही.

भगवे फेटे आभाळात उडाले. अप्पा चौगुल्यांनी मंचावर चढताना धोतर फाडून घेतलं आणि त्याची पर्वा केली नाही. एकही वार न करता जिंकली, एकही वार न करता, असं ते दिसेल त्याला सांगत सुटले. पोरांनी संयूला खांद्यावर घेतलं. कप तिच्या हातात आला, आणि ती वरनंच ओरडली, "अप्पा, मला खाली उतरवा, घरी जायचंय!"

घरी सतरंजी घातलेली होती. आईनं घातली होती, न सांगता. धैर्यशील आधीच येऊन बसला होता. ती शेजारी बसल्यावर त्यानं पट्टा सोडला. मनगटावर पांढरा वळ उठला होता.

"तो मेसेज," तो खाली बघत म्हणाला. "पाठवायचा नव्हता मला. पण मनात आलावता की गं. पट्ट्यानं पदरचं थोडंच लिहिलं? म्हणून तोंड उघडायला लाज वाटत होती."

"मनात काय, कायपण येतं, दाद्या. तुला ह्या पाच महिन्यांत मी मनात किती वेळा जिन्यावरनं ढकललंय म्हाईत हाय? ढकललं न्हाई, ते खरं." तिनं त्याच्या पाठीत एक सणसणीत गुद्दा घातला. "हा मात्र खरा. घे. फिटलं."

"आई गं!" तो कळवळला आणि मग हसायला लागला. त्यानं जुना कंट्रोलर उचलला, बटण दाबून बघितलं. "स्प्रिंग सैल झालीय. बदलून देतो."

"ती नंतर. आधी तो पट्टा इकडं दे."

"काय?"

"पट्टा दे म्हणतो न्हवं! एक वर्ष झालं, 'खोल दर्या'साठी जीव टांगणीला लागलाय माझा. अप्पाला सांगितलंस तर बघ."

धैर्यशील आ वासून बघत राहिला. पण दिला बांधून, तिच्या फोनला जोडून. संयूच्या हातावर निळा दिवा लागला आणि पडद्यावर बुडालेलं शहर उघडलं. पाण्यातली कमान, तिच्यातनं सुळकन जाणारे मासे, आणि ती नुसती बोटं हलवल्यासारखी करून पोहायला लागली. अंगठा आखडलेला होता की नव्हता, पाण्याला पत्ताच नव्हता. "काय भारी हाय रं! काय भारी!" ती ओरडत सुटली. मग थोड्या वेळानं तिनं हळूच दाद्याकडं बघितलं.

धैर्यशीलच्या खिशात फोन वाजला. त्यानं काढून बघितला.

"संयू, हे तू पाठवलंस?"

"काय?"

त्यानं फोन तिच्यापुढं धरला. तिच्याच नंबरावरनं आलं होतं. 'दाद्या, तू हात दिलास तेव्हाच मी जिंकलो.'

संयू कानापर्यंत लाल झाली. "ए, ते पाठवू का नको ते ठरवत होतो मी!"

"गेलं की," धैर्यशील म्हणाला. त्यानं डोळे पुसले, कंट्रोलर उचलला आणि खांद्याला खांदा लावून बसला. "चल, लाव डाव."